अचानक बंद पडणारा जुना लॅपटॉप : साडेनऊ हजारांची दुरुस्ती की बावन्न हजारांचा नवा?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. इतर वाचकांसाठी आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपण सांगलीत घरून तीन दुकानदारांचे टॅलीतील हिशेब आणि जीएसटीच्या नोंदी सांभाळता व त्यातून महिन्याला सुमारे 22,000 रुपये मिळवता. पाच महिन्यांपूर्वी पुण्यातून 24,000 रुपयांना घेतलेला, इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेला जुना लॅपटॉप आता काम चालू असतानाच बंद पडतो. विक्रेत्याची तीन महिन्यांची वॉरंटी संपलेली आहे. एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) गेल्याचे सांगून 9,500 रुपये मागितले आहेत, तर दुसऱ्या दुकानदाराने 52,000 रुपयांचा नवा लॅपटॉप बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर देऊ केला आहे. त्यासाठी मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यातील दरमहा 5,000 रुपयांचा भरणा थांबवावा, की 70,000 रुपयांची मुदत ठेव मोडावी, असे आपण विचारले आहे.

आज यांपैकी काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बिघाड कोणता हेच अजून ठरलेले नाही, आणि तो ठरविण्याचा खर्च या दोन्ही पर्यायांच्या मानाने फारच थोडा आहे.

आपण बिघाडाचे वर्णन नेमके केले आहे, आणि ते मदरबोर्डकडे बोट दाखवत नाही. सकाळी टॅलीवर दोन तास काम निर्वेध होते, पण व्हिडिओ मीटिंग सुरू केली की वीस-पंचवीस मिनिटांत पंख्याचा आवाज वाढतो, खालची बाजू हात ठेववणार नाही इतकी तापते आणि पडदा एकदम काळा होतो. लगेच चालू केला तर पुन्हा बंद पडतो, पण दहा मिनिटे थांबल्यावर नीट चालतो. हे उष्णतेचे लक्षण आहे. या पिढीच्या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याच्या जवळ जाताच तो आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान आवरले नाही, तर स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र बंद करतो. सात-आठ वर्षे वापरलेल्या यंत्रात पंख्याच्या जाळीत धुळीचा थर बसलेला असणे आणि प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून गेलेली असणे हे इतके नेहमीचे आहे की, ते तपासल्याशिवाय बोर्डाचे नाव घेणेच घाईचे ठरते.

दुसरी गोष्ट आपल्याच छायाचित्रात दिसते. लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या पट्टीवर 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर असे लिहिले आहे, म्हणजे त्याला 65 वॅटचा अ‍ॅडॅप्टर हवा. विक्रेत्याने दिलेल्या अ‍ॅडॅप्टरवर मात्र 20 व्होल्ट, 2.25 अँपिअर आहे, म्हणजे तो 45 वॅटचा आहे. चार्जर लावलेला असतानाही मीटिंगमध्ये बॅटरीचे टक्के उतरतात असे आपण लिहिता, त्याचा उलगडा येथे होतो. जास्त काम पडले की अ‍ॅडॅप्टर कमी पडतो, उरलेली वीज बॅटरीतून ओढली जाते आणि बॅटरी थकलेली असेल तर 30-35 टक्के दिसत असतानाही ती मान टाकते. बॅटरीची अवस्था घरबसल्या कळते. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी हा शब्द, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असे इंग्रजी अक्षरांत (powercfg /batteryreport) लिहून एंटर दाबले की विंडोज एक अहवाल तयार करते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून खाली गेला असेल तर बॅटरी बदलण्याच्या अवस्थेला आली आहे असे समजावे. मात्र टचपॅड किंवा तळ फुगल्यासारखा दिसला, तर लॅपटॉप वापरणे आणि चार्ज करणे त्याच क्षणी थांबवावे. फुगलेल्या बॅटरीच्या बाबतीत काटकसरीचा विचार करू नये.

दुरुस्तीवाल्याने इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद बोर्ड गेल्याचा पुरावा म्हणून दाखविली. ती तसा पुरावा नाही. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती नोंद सांगते. उष्णतेने बंद पडो, बॅटरीने पडो की कोणी बटण दाबून धरो, पुढच्या वेळी चालू होताना हीच नोंद उमटू शकते.

आता पैशांकडे वळतो. लॅपटॉपला 24,000 रुपये दिले होते, हा आकडा या निर्णयात आणूच नये, कारण ते पैसे दोन्ही पर्यायांत परत येणार नाहीत. यापुढचा प्रत्येक रुपया किती महिन्यांचे काम देईल, हे पाहावे. नवा लॅपटॉप पाच वर्षे टिकला, तर 52,000 रुपयांचे महिन्याला सुमारे 867 रुपये पडतात. चालू स्थितीतील दुसरा जुना लॅपटॉप 22,000 रुपयांना मिळाला आणि तीन वर्षे चालला, तर महिन्याला सुमारे 611 रुपये. बोर्डावरील चिप पातळीच्या दुरुस्तीचे आयुष्य मी सावधपणे एक वर्ष धरतो; त्या हिशेबाने 9,500 रुपयांचे महिन्याला सुमारे 792 रुपये होतात, म्हणजे जवळपास नव्याइतकेच, आणि हमी मात्र तीनच महिन्यांची. याउलट सफाई, नवी पेस्ट आणि योग्य अ‍ॅडॅप्टर मिळून साधारण 3,000 रुपये लागले आणि यंत्र फक्त एक वर्ष चालले, तरी महिन्याला 250 रुपयेच पडतात. बॅटरीही बदलावी लागली तर आणखी तीन-साडेतीन हजार धरावेत.

म्हणून या यंत्रावर एकूण 6,500 रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, अशी मर्यादा मी आपल्यासाठी ठरवितो. एवढा खर्च करण्याजोगे हे यंत्र आहे, कारण 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला असला, तरी आठव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालते. सहाव्या किंवा सातव्या पिढीचे यंत्र असते तर मी हीच मर्यादा निम्म्यावर आणली असती.

नव्या लॅपटॉपचा मोह समजण्यासारखा आहे, पण घरचा हिशेब त्याला आज अनुकूल नाही. आपल्या दोघांचे मिळून 53,000 रुपये येतात, गृहकर्जाच्या हप्त्यासह 44,000 खर्च होतात आणि सुकन्या खात्यात 5,000 भरल्यावर 4,000 उरतात. लॅपटॉपचा हप्ता मात्र 4,333 रुपयांचा आहे. शिवाय ‘नो कॉस्ट’ म्हणजे फुकट नव्हे. व्याज आकारले जातेच, तेवढी सूट किमतीत दाखविली जाते. क्रेडिट कार्डावर 15 टक्के दर धरला, तर या व्यवहारात सुमारे 4,000 रुपये व्याज होते. त्यावरील 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 720 रुपये, आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच खिशातून जाते. हाच लॅपटॉप रोखीने कितीला मिळेल, हे दुकानदाराला विचारून पाहावे. दोन किमतींतील फरक हीच हप्त्यांची खरी किंमत असते. ‘व्यवसायासाठी घेतला की कर वाचतो’ हे त्याचे म्हणणे आपल्याला लागू होत नाही. संगणकावर 40 टक्के घसारा (वस्तू झिजल्याबद्दल उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो हे खरे, पण आपले वार्षिक उत्पन्न 2,64,000 रुपये आहे आणि नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत करच नाही. मुळात नसलेला कर वाचणार कसा? जीएसटीची नोंदणी नसल्यामुळे इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळणार नाही.

मुदत ठेवीबद्दल मला अधिक काळजी वाटते. 70,000 रुपये म्हणजे आपल्या घराचा दोन महिन्यांचाही खर्च नाही. त्यातून 52,000 काढले, तर एखादे आजारपण किंवा पगार लांबणे एवढ्यानेही घर अडचणीत येईल. लॅपटॉप खरोखरच बदलावा लागला, तर ठेव न मोडता तिच्यावर 20,000-22,000 रुपयांचे तारण कर्ज घ्यावे. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्केच अधिक असतो आणि दरमहा दोन हजार फेडून ते वर्षभरात मिटते. मुलीच्या खात्याला हात लावण्याचे कारण मला कोठेही दिसत नाही.

दुरुस्ती होईपर्यंतचा एक धोका आपल्या पत्रात आलेला नाही. टॅली चालू असताना यंत्र बंद पडले तर डेटा खराब होऊ शकतो, आणि तो डेटा तीन दुकानदारांचा आहे. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांच्या 11 आणि 20 या तारखा चुकल्या तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क लागते. पण त्याहून मोठे नुकसान विश्वासाचे होईल, कारण आपले उत्पन्न त्या तीन ग्राहकांवरच उभे आहे. आजच टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा व रोज काम संपल्यावर घेत राहावे. यंत्र दुरुस्तीत अडकले आणि तारीख जवळ आली, तर महिन्याच्या भाड्याने लॅपटॉप घ्यावा. तो खर्च मी वरील मर्यादेत धरलेला नाही.

पुण्याच्या विक्रेत्याला बिल आणि दोन्ही पट्ट्यांची छायाचित्रे पाठवून 65 वॅटचा अ‍ॅडॅप्टर बदलून मागावा. वॉरंटी संपली असली तरी यंत्राला न शोभणारा अ‍ॅडॅप्टर देणे ही विक्रीच्या वेळचीच उणीव आहे. त्याने दाद दिली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क नाही, पण दोन हजारांच्या वस्तूसाठी तेथपर्यंत जाण्याआधी आपल्या वेळेचाही हिशेब करावा.

सफाईसाठी दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे जाताना त्याला ‘मदरबोर्ड गेला आहे’ असे आधी सांगू नये. केवळ लक्षणे सांगावीत. काम झाल्यावर त्याच्याच दुकानात 65 वॅटचा अ‍ॅडॅप्टर लावून तासभर व्हिडिओ कॉल चालू ठेवावा आणि तो पार पडल्यावरच पैसे द्यावेत. पावतीवर काय केले, कोणता भाग बदलला आणि हमी किती दिवसांची, हे लिहून घ्यावे. त्यानंतरही यंत्र बंद पडले, तर ती पावती आणि बॅटरीच्या अहवालातील दोन्ही आकडे मला कळवावेत. त्यावरून बदलीच्या लॅपटॉपसाठी किती रक्कम ठेवायची, ते आपण ठरवू.