तंत्रशंका : रास्पबेरी पाय सुरू आहे, पण स्क्रीनवर चित्र नाही

(फाइलींची नावे आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहाव्यात. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.)

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक) नवीन घेतला. पाय ३ मध्ये चालत असलेले जुने कार्ड त्यात घातले आणि मोबाईलचा चार्जर लावला. लाल दिवा लागतो, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येते. कन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये सांगोवांगीच्या बऱ्याच ओळी घालून पाहिल्या. बोर्ड खराब आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बोर्ड बहुधा ठीक आहे. आधी त्या सगळ्या ओळी काढून टाका. चित्र नेमके कुठे अडते हे कळण्याआधी सेटिंग बदलत राहिलो तर एका दोषावर दुसरा चढतो, आणि मग मूळ दोष हाती लागत नाही.

पायची वीज बंद करा आणि मेमरी कार्ड बाहेर काढा. पाय ४ वर दोन मायक्रो एचडीएमआय सॉकेट आहेत. केबल वीज येते त्या यूएसबी-सी सॉकेटच्या लगतच्या सॉकेटमध्ये लावा, बोर्डावर त्याला एचडीएमआय-० असे नाव आहे. टीव्हीवर तोच इनपुट निवडा, टीव्ही आधी चालू करा आणि मग कार्डाशिवायच पायला वीज द्या. पाय ४ आणि ५ मधला बूटलोडर, म्हणजे पायला सुरू करणारा छोटा प्रोग्राम, कार्डावर नसून बोर्डावरच्या चिपमध्ये असतो. कार्ड सापडले नाही की तो स्वतःच टीव्हीवर माहितीचा मजकूर दाखवतो. हा मजकूर दिसला तर केबल, टीव्ही आणि सॉकेट तिन्ही ठीक आहेत, दोष कार्डात आहे. दिसला नाही तर कार्डाला हात लावू नका, केबल आणि वीज यांच्याकडे वळा. (सुरुवातीच्या काही पाय ४ बोर्डांत जुना बूटलोडर असल्याने हा मजकूर येत नाही. अशा वेळी रास्पबेरी पाय इमेजर या कार्ड लिहिण्याच्या प्रोग्राममधून बूटलोडर दुरुस्तीचे कार्ड तयार करून घाला. काम झाले की हिरवा दिवा भरभर लुकलुकत राहतो आणि टीव्हीवर पूर्ण हिरवा रंग येतो. म्हणजे टीव्हीचीही तपासणी त्यातच होते.)

केबलच्या बाबतीत नेहमीचा दोष म्हणजे प्लग पूर्ण आत न बसणे. पाय ठेवलेल्या प्लास्टिकच्या डबीचे छिद्र अरुंद असले की प्लगचे जाड आवरण कडेला अडते आणि टोक एखाद-दोन मिलिमीटर बाहेर राहते. डबी काढून उघड्या बोर्डावर एकदा लावून पाहा.

विजेसाठी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. पाय ५ साठी ५ अँपिअरचा घेणे उत्तम. मोबाईलच्या चार्जरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले वॅट बहुधा ९ किंवा १२ व्होल्टवर मोजलेले असतात. ५ व्होल्टवर तो किती अँपिअर देतो, ते बारीक अक्षरांत वाचा. शिवाय बारीक तारेच्या लांब केबलमध्ये व्होल्टेज पडते. ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास लाल दिवा विझतो, म्हणून मधूनच मिचकावणारा लाल दिवा ही कमी विजेची खूण समजा. मल्टिमीटर असल्यास ४० पिनांच्या पट्टीवर पिन २ आणि पिन ६ यांच्यामध्ये मोजा.

आता कार्ड. पाय ४ जून २०१९ मध्ये आला. त्याआधीच्या सिस्टिमच्या कार्डावर त्याला लागणारी स्टार्ट४ डॉट ईएलएफ ही फाइलच नसते. तुमच्या बाबतीत हेच घडले असण्याची शक्यता आम्हाला सर्वात जास्त वाटते. हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबत असेल तर ही फाइल सापडलेली नाही, सात वेळा लुकलुकत असेल तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) सापडलेला नाही. जुने कार्ड दुरुस्त करत बसू नका, इमेजरने नवे लिहा.

प्रश्न : दुकानात पाय ४ वरून टीव्हीवर दरपत्रक दाखवतो. वीज जाऊन आली की पाय आपोआप सुरू होतो, पण टीव्ही नंतर हाताने लावावा लागतो. मग टीव्ही काळाच राहतो. पाय पुन्हा सुरू केला की चित्र येते.
— एक वाचक, परभणी

उत्तर : पाय सुरू होताना टीव्ही बंद असल्यामुळे दोघांची ओळखच होत नाही. टीव्ही जोडलेला असल्याची खूण आणि त्याला कोणते रिझोल्यूशन चालते याची माहिती, म्हणजे ईडीआयडी, एचडीएमआय केबलमधूनच येते. ती सुरुवातीला मिळाली नाही की पाय ते सॉकेट रिकामे धरतो.

जुन्या सल्ल्यांत एचडीएमआय_ग्रुप आणि एचडीएमआय_मोड या ओळी सुचवलेल्या असतात. पायच्या सिस्टिमच्या २०२१ मधल्या बुल्सआय आवृत्तीपासून स्क्रीनचा कारभार कर्नलकडे गेला, त्यामुळे नव्या सिस्टिमवर त्यांचा उपयोग होत नाही. आता सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी ही फाइल उघडा. त्यानंतरच्या बुकवर्म आवृत्तीवर ती बूट/फर्मवेअर या फोल्डरमध्ये असते, आणि कार्ड विंडोज संगणकाला जोडले तर बूटएफएस नावाच्या ड्राइव्हमध्ये दिसते. तिच्यातल्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून लिहा : व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०एक्स१०८०@६०डी. एचडीएमआय-ए आणि शेवटचा डी मोठ्या अक्षरांत, बाकीची अक्षरे छोटी, आणि आकडे इंग्रजी (1, 2, 3 असे). (बोर्डावरच्या एचडीएमआय-० सॉकेटलाच इथे एचडीएमआय-ए-१ म्हणतात.) त्या डीमुळे टीव्ही दिसो न दिसो, सॉकेट चालूच राहते. ही फाइल एकाच ओळीची असते. एंटर दाबून दुसरी ओळ केली तर ती लागू होत नाही, आणि पाय सुरू न होण्याचाही धोका असतो, म्हणून आधी फाइलची प्रत ठेवा.

प्रश्न : शाळेत चौकोनी १७ इंची व्हीजीए मॉनिटर पडून आहेत. एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर लावला तर चित्र येते-जाते, कधी ‘आउट ऑफ रेंज’ येते.
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : हे मॉनिटर जरूर वापरा, प्रयोगशाळेसाठी ते पुष्कळ आहेत. कन्व्हर्टरला एचडीएमआयच्या ५ व्होल्टवरून ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेण्याची मुभा नाही, आणि बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरांचे तेवढ्यात भागत नाही. बाजूला विजेसाठी मायक्रो यूएसबी सॉकेट असलेला कन्व्हर्टर घ्या आणि त्याला वेगळी वीज द्या. येणे-जाणे बहुधा त्याने थांबते.

‘आउट ऑफ रेंज’ येण्याचे कारण वेगळे आहे : कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती नीट पुढे देत नाही. अशा १७ इंची एलसीडीचे मूळ रिझोल्यूशन सहसा १२८० बाय १०२४ असते. वरच्या उत्तरातली ओळ तेच आकडे घालून वापरा. व्हीजीएतून आवाज जात नाही, तो पाय ४ च्या ३.५ मिलिमीटर जॅकवरून घ्या. पाय ५ ला हा जॅक नाही.

प्रश्न : पिनांवर बसणारी ३.५ इंची टच स्क्रीन घेतली, ती नुसती पांढरी दिसते.
— एक वाचक, पणजी

उत्तर : पांढरा रंग म्हणजे फक्त मागचा दिवा लागला आहे. त्याला ५ व्होल्ट थेट मिळतात, चित्रासाठी मात्र एसपीआय (पिनांवरून बिट एकामागून एक पाठवणारी जोडणी) आणि ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारा प्रोग्राम) लागतो. आधी स्क्रीन पिन १ च्या कोपऱ्यातून बरोबर बसली आहे ना ते पाहा, एक ओळ सरकली तरी असेच होते. सोबत येणारे जुने इन्स्टॉलर बुकवर्मवर अनेकदा मोडतात, कारण ते जुन्या स्क्रीन-पद्धतीवर बेतलेले असतात. नव्या कार्डावर कन्फिग डॉट टीएक्सटी मध्ये दोन ओळी घाला : डीटीपॅराम=एसपीआय=ऑन आणि डीटीओव्हरले=पायस्क्रीन,डीआरएम. आयएलआय९४८६ चिपच्या स्क्रीनवर हे बहुतेक वेळा चालते.

मात्र त्यावर चित्रपट पाहण्याचा विचार सोडून द्या. ४८० बाय ३२० बिंदू, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे एका चित्राला सुमारे २४.६ लाख बिट. एसपीआय १८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १८० लाख बिट या वेगाने, चालवली तर सेकंदाला सातच चित्रे पोहोचतात. तापमान, घड्याळ, बटणे यांसाठी ती उत्तम आहे.

प्रश्न : नवा २५६० बाय १४४० चा मॉनिटर लावल्यापासून पाय ४ चे वायफाय तुटते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : या रिझोल्यूशनला एचडीएमआयमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झ वायफायच्या पट्ट्यात पडतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ निवडा किंवा लॅन केबल लावा. दोन्ही शक्य नसेल तर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वर आणा.