पायथॉनचे पुस्तक घेताना आधी आवृत्ती पाहावी

आपण विचारले आहे की, वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आणि पूर्वी कधीही प्रोग्रामिंग न केलेल्या नागपूरच्या विद्यार्थ्याने पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसाठी पुस्तक विकत घ्यावे, की अधिकृत डॉक्युमेंटेशन (भाषेसोबत मिळणारी माहितीपुस्तिका) पुरेसे आहे. माझ्या मते सुरुवात पुस्तकानेच करावी, मात्र ते पायथॉन ३ साठी लिहिलेले असल्याची खात्री करून घ्यावी.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जुन्या पुस्तकांत मला मिळालेले पहिले पुस्तक पायथॉन २ चे होते. त्यातील प्रिंटची, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवण्याच्या आज्ञेची, उदाहरणे चालेनात, कारण पायथॉन ३ मध्ये प्रिंट हे फंक्शन (नावाने वापरायचा तयार कोड) असल्यामुळे कंस लागतात. पण ही चूक संगणक लगेच दाखवतो. खरा घोळ भागाकाराने घातला. ७ ला २ ने भागल्यावर पुस्तकाप्रमाणे ३ यायला हवे होते, माझ्याकडे ३.५ येत होते, आणि त्रुटीचा संदेश मात्र कुठेच नव्हता. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले, पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, तरी जुनी पुस्तके हातोहात फिरत राहतात. दुकानात उभ्या उभ्या एक खूण तपासता येते : एफ-स्ट्रिंग (अवतरणचिन्हाआधी f अक्षर लावून लिहिलेला मजकूर) २०१६ च्या पायथॉन ३.६ पासून आहेत, त्या पुस्तकात कुठेच नसतील तर ते पुस्तक बहुधा त्याआधीचे समजावे.

डॉक्युमेंटेशन विनामूल्य आहे आणि उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवायही वाचता येते. त्यातील ट्युटोरियल दुसरी एखादी भाषा येणाऱ्यांना अधिक सोयीचे आहे, आणि भाषेचे काटेकोर नियम देणाऱ्या लँग्वेज रेफरन्सकडे आपण सध्या वळू नये. भाषेसोबत येणाऱ्या तयार सोयींची माहिती देणारा लायब्ररी रेफरन्स मात्र शब्दकोशासारखा रोज उघडावा. उदाहरणार्थ, यादी क्रमाने लावणारी सॉर्ट ही मेथड (यादीशी जोडलेले फंक्शन) मूळ यादीच बदलते आणि नन, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करते, तर सॉर्टेड हे फंक्शन नवी यादी देते. नवशिक्याला तासन्‌तास अडवणारा हा फरक तिथे नेमक्या शब्दांत लिहिलेला आहे. पानाच्या वर दिसणारी आवृत्ती आपल्या संगणकावरील आवृत्तीशी जुळवून घ्यावी.

जाडजूड ग्रंथापेक्षा प्रत्येक प्रकरणाअखेरीस स्वाध्याय असलेले पुस्तक मी निवडेन. आपण वाणिज्याचे असल्याने अनुक्रमणिकेत फाइल वाचण्याचे आणि सीएसव्हीचे (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींच्या फाइलचे) प्रकरण आहे का, हेही अवश्य पाहावे, म्हणजे घरच्या किंवा दुकानाच्या हिशेबाच्या नोंदींवरच सराव करता येईल.