धाकट्या भावाचा रिपोर्ट आणि तिसऱ्यांदा नीट

प्रश्न: लातूरला राहून मी दोनदा नीट दिली. सरकारी एमबीबीएसला पुरतील एवढे गुण यंदाही नाहीत. माझ्या सहा वर्षांच्या भावाला जूबेर सिंड्रोम, म्हणजे मेंदूच्या घडणीतला जन्मजात आजार आहे, हे कळायलाच चार वर्षं गेली. एमआरआयवरून निदान झालं, पण जनुकीय तपासणीच्या रिपोर्टात ‘महत्त्व अनिश्चित असलेला बदल’ असं लिहून आलंय. मला याच आजारांवर काम करायचंय. बाबा म्हणतात, आणखी एक वर्ष दे, नाहीतर दोन एकर विकून खासगी कॉलेजात घालतो. आई ही बाबांच्या मामाचीच मुलगी, त्यावरून नातेवाईक तिलाच बोल लावतात. गणित मला आवडतं. एमबीबीएस सोडून दुसरा रस्ता आहे का?

उत्तर: तिसऱ्यांदा नीट देऊ नकोस आणि बाबांना जमीन विकू देऊ नकोस. कारण पुढे सांगते, पण माझं मत आधीच कळलेलं बरं.

बाबांसमोर साधा हिशेब मांड. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, बालरोगात एमडी तीन, त्यानंतर मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, आणखी तीन. ही झाली साडेअकरा वर्षं. वाटेत आणखी दोन प्रवेशपरीक्षा, आणि डीएमच्या जागा लखनौचं एसजीपीजीआय, दिल्लीचं एम्स अशा मोजक्या संस्थांत. इतकं करून ज्या कामापाशी पोचायचं, त्यातलं बरंचसं काम आज डॉक्टर नसलेली माणसं करतात.

भावाच्या आजाराचंच बघ. १९६९ मध्ये मारी जूबेर आणि सहकाऱ्यांनी माँट्रियलला एकाच कुटुंबातल्या चार भावंडांचं वर्णन केलं: अनियमित श्वास, डोळ्यांच्या विचित्र हालचाली, तोल नाही, आणि लहान मेंदूचा मधला भागच नीट घडलेला नाही. एमआरआयच्या आडव्या छेदात दाढेसारखा दिसणारा आकार, ज्याला रेडिओलॉजिस्ट ‘मोलर टूथ साइन’ म्हणतात, त्याचं वर्णन यायला १९९७ उजाडलं. एएचआय१ या जनुकाचा या आजाराशी संबंध २००४ मध्ये सापडला. आता अशी पस्तीसहून अधिक जनुकं माहीत आहेत, आणि बहुतेकांचा संबंध पेशीवरच्या केसासारख्या सूक्ष्म धाग्याशी, सिलियाशी आहे. सिलिया मूत्रपिंडात आणि डोळ्याच्या पडद्यातही असतात. म्हणून यांतल्या सीईपी२९० या जनुकात बिघाड असेल तर डोळे आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, टीएमईएम६७ मध्ये असेल तर यकृतावर. मूळ आजार बरा करणारं औषध नाही, हे तुला ठाऊक आहेच. पण जनुक कळलं तर पुढची दहा वर्षं कुठली तपासणी चुकवायची नाही, हे कळतं. ‘उपचारच नाही तर तपासणी कशाला’ असं कुणी म्हणालं तर एवढं सांग.

नुसत्या स्कॅनवरून आनुवंशिकतेचं गणित मांडता येत नाही. मेंदूच्या वळ्याच न पडण्याचा आजार, लिसेन्सेफली, घे. एलआयएस१ जनुकामुळे झाला असेल तर बदल बहुधा त्या बाळातच नव्याने घडलेला असतो, आणि पुढच्या बाळाला धोका फार थोडा. तोच आजार डीसीएक्समुळे असेल तर बदल आईच्या एक्स गुणसूत्रातून आलेला असू शकतो. तशी आई वाहक असेल, म्हणजे तो बदल तिच्यात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात तो पुढे जाण्याची शक्यता निम्मी. जूबेर बहुतांशी अप्रभावी पद्धतीचा, म्हणजे जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि बाबा दोघांकडून आली तरच होणारा. आई-बाबा दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला धोका चारात एक. तू निरोगी आहेस, तरी वाहक असण्याची शक्यता तिनात दोन. या दोन आकड्यांत आईचा आणि बाबांचा वाटा अगदी सारखा आहे, हे बोल लावणाऱ्यांना तूच ऐकव. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कित्येक घरांत होतं. आते-मामे भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं समान असतात, त्यामुळे एकच दुर्मीळ बदल दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. यात दोष कुणाचाच नाही.

आता तो ‘अनिश्चित’ शेरा. एक्सोम तपासणीत सुमारे वीस हजार जनुकांचे सांकेतिक भाग वाचले जातात आणि हजारो फरक निघतात. त्यातला नेमका कुठला आजाराचा, हे मशीन सांगत नाही. कुणीतरी बसून पुरावे जोडतं: आई-बाबांत तो बदल आहे का, निरोगी लोकांत किती आढळतो, प्रथिनाचं काय होतं. परदेशी माहितीसाठ्यांत आपले लोक कमी, म्हणून भारतीय मुलांचे रिपोर्ट अनेकदा इथेच अडतात. जीनोमइंडिया प्रकल्पातली दहा हजार भारतीयांची माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. ती वापरून असे शेरे सोडवणारी माणसं हवी आहेत. गणित आवडणाऱ्या मुलीने इथे यावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी यंदाच बीएस्सीला प्रवेश घे. बायोटेक्नॉलॉजी, लाइफ सायन्स, अगदी झूलॉजीही चालेल. सोबत संख्याशास्त्र, पायथन ही संगणकाची भाषा आणि लिनक्स ही संगणकप्रणाली शीक. विषयाच्या नावापेक्षा हे तीन जास्त कामाला येतील. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेची आयएटी ही प्रवेशपरीक्षा देता येते का, ते बारावीच्या वर्षाची अट पाहून ठरव. पुढे एमएस्सीसाठी गॅट-बी आणि आयआयटी जॅम या प्रवेशपरीक्षा आहेत. माणसांशी बोलायला आवडत असेल तर जेनेटिक कौन्सेलिंगमध्ये, म्हणजे असे रिपोर्ट कुटुंबांना समजावून सांगण्याच्या कामात, एमएस्सी कर. मणिपालला ती आहे. संशोधनाची ओढ लागली तर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत शुभा टोळे यांची प्रयोगशाळा मेंदूचं बाह्यपटल कसं घडतं याच प्रश्नावर काम करते. त्यांना २०१४ चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं आहे.

पगाराबद्दल खोटी आशा दाखवत नाही. सुरुवात बेताची असते आणि नोकऱ्या बहुतेक बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, मुंबईत. लातूरला राहून हे जमणार नाही. आणखी एक: रोज भावासारख्या मुलांचे रिपोर्ट वाचणं झेपेल का, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. बीएस्सीच्या सुट्टीत एखाद्या जेनेटिक्स विभागात महिनाभर काम करून बघ. नाही झेपलं तर हेच शिक्षण कर्करोगाच्या किंवा पिकांच्या जनुकशास्त्रातही चालतं.

भावाचं मात्र लांबवू नका. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचं केईएम हे उत्कृष्टता केंद्र आहे. तिथल्या जेनेटिक्स विभागात आई-बाबांच्या नमुन्यांत तोच एक बदल तपासायचा का, हे विचारा. त्याला पूर्ण एक्सोमइतका खर्च येत नाही. जाताना एमआरआयची नुसती फिल्म नेऊ नका, सीडी न्या, आणि रिपोर्टची सगळी पानं. बदलाचा नेमका तपशील बहुधा आतल्या पानावर असतो, आणि घाईत लोक पहिलंच पान झेरॉक्स करून आणतात.