वाचकांचे प्रश्न: चौकशी अजून सुरूच नाही, मग सस्पेंड कसं केलं?

प्रश्न : माझे मिस्टर मुंबईत एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहेत. मागच्या महिन्यात अचानक निलंबनाची ऑर्डर हातात दिली, त्यात "शिस्तभंगविषयक कार्यवाही करण्याचे योजिले आहे" एवढंच लिहिलंय, नेमकं काय केलं ते नाहीच. ना नोटीस, ना खुलासा मागितला. आता शेजारीपाजारी नोकरी गेली म्हणतायत. असं करता येतं का? आणि पगाराचं काय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी हे की नोकरी गेलेली नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 मधल्या नियम 4 प्रमाणे चौकशी चालू असेल तरच नाही, ती करायचा नुसता विचार असेल तरीही निलंबित करता येतं. आणि निलंबन ही शिक्षा धरत नाहीत, शिक्षांची यादी नियम 5 मध्ये आहे तिच्यात ते नाहीच, म्हणून आधी नोटीस द्यायची गरज पडत नाही. कागदावर हे ठीक, पण घरी अर्धा पगार आणि सोसायटीत कुजबुज सुरू झाल्यावर ती शिक्षा नाही असं कोण म्हणेल?

म्हणूनच तारखेकडे लक्ष ठेवा. 2015 साली अजयकुमार चौधरी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालवता येणार नाही, आणि दिलं असेल तर मुदतवाढीची कारणं लिहून ऑर्डर काढावी लागेल. त्यावरून आपल्या राज्य सरकारने 9 जुलै 2019 चा जीआर काढला, त्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन मागे घेण्याशिवाय पर्याय नाही असंच म्हटलंय. पण ऑफिसं काय करतात, तर गप्प बसतात, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते आणि माणूस घरी बसून वाट बघतो. तेव्हा 91व्या दिवशी मिस्टरांनी या जीआरचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा, आवक-जावकला शिक्का मारून पोच घ्यावी, साहेबांना तोंडी भेटून "बघतो" ऐकून परत येऊ नये. मध्येच दोषारोपपत्र आलं तर मात्र मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, राग आला म्हणून कोरं पाठवायचं नाही. ऑर्डरविरुद्ध अपीलही करता येतं, आणि तिथेही काही हललं नाही तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, त्याचं मुख्य पीठ मुंबईतच आहे. कामावर परत घेताना दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या जागेवर बसवतील, ते मनाला लावून घेऊ नका, चौकशी तशीही चालूच राहते.

पैशाचं सांगते. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता, म्हणजे अर्धपगारी रजेला मिळतं तेवढं, शिवाय त्यावर महागाई भत्ता. मूळ पगार 40,000 असेल तर 20,000 आणि त्यावरचा डीए. तीन महिन्यांनंतर उशीर ऑफिसमुळे होत असेल तर यात निम्मी वाढ करता येते, म्हणजे 30,000 पर्यंत, पण तुमच्यामुळे चौकशी रखडली असं ठरलं तर उलट निम्म्याने कापताही येतो. ही वाढ आपोआप कोणी देत नाही हो, मागावी लागते. ऑर्डरमध्ये जे मुख्यालय दिलंय ते परवानगीशिवाय सोडू नका, गणपतीला कोकणात जायचं असलं तरी अर्ज टाका.

प्रश्न : निलंबन चालू असताना संध्याकाळी ट्यूशन घेतली तर चालेल का? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : नाही. निर्वाह भत्ता घेताना दुसरी नोकरी-धंदा करत नाही असा दाखला द्यावा लागतो, तो खोटा ठरला तर भत्ता बंद आणि वर नवा दोषारोप. आणि हो, कोणी अटकेत 48 तासांहून जास्त राहिलं तर निलंबन झालंच असं मानलं जातं, तिथे ऑफिसच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही.