गव्हाचे रोप आतून कसे वाढते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गहू महिनाभराचा आहे. परवा रात्री म्हशी शिरल्या आणि अर्ध्या एकरातले शेंडे खाऊन गेल्या. पीक मोडून हरभरा टाकावा का?

घाईने मोडू नका. आधी चार-पाच रोपे मुळासकट उपटा, माती धुवा आणि मधला जाड फुटवा (रोपाच्या तळातून निघालेली फांदी) ब्लेडने मुळापासून वरपर्यंत उभा चिरा.

या वयात गव्हाला खरे खोड जवळजवळ नसतेच. आपण खोड समजतो, त्या एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या खोळी असतात. वाढीचा कोंब तळाशी, मुळांच्या मानेजवळ मातीखाली असतो. खोडाची कांडी धरू लागली की तोच वर सरकतो. चिरलेल्या फुटव्यात पांढरट, टोकदार कोंब तळाशीच शाबूत दिसला, तर म्हशींनी फक्त पाने खाल्ली आहेत आणि पीक पुन्हा हिरवे होईल. लगेच पाणी द्या, नत्राचा दुसरा हप्ता राहिला असेल तर तोही द्या.

कांडी धरलेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्या कोंबाची काही मिलिमीटरची इवलीशी ओंबी झालेली असते आणि ती कांडीच्या टोकावर बसलेली असते. नीट पाहिले तर तिचे दोन्ही बाजूंचे दाते ओळखू येतात. ती खाल्ली गेली की तो फुटवा संपला. मग भरवसा बाजूच्या लहान फुटव्यांवर. तेही मोजके असतील तरच मोडण्याचा विचार करा.

प्रश्न : पेरणीला ओल उत्तम होती. वीस दिवस झाले, खाली अजून ओल लागते. पहिले पाणी आठवडाभर लांबवले तर चालेल का?

शक्यतो लांबवू नका. गव्हाला मुळांचे दोन संच असतात. पहिली मुळे बियातून निघून खोल जातात, तुम्हाला लागते ती ओल त्यांच्या कामाची. दुसरी, म्हणजे मुकुटमुळे, 18 ते 21 दिवसांच्या सुमारास वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये फुटतात आणि नेमका तोच थर आधी वाळतो. कोरड्या मातीत ती खुंटतात. फुटवेही त्याच जागेतून निघतात, म्हणून त्यांच्यावरही परिणाम होतो. पुढे कितीही पाणी दिले तरी ही कसर पुरती भरून निघत नाही.

पाणी कमी असेल तर असे वाटा : तीनच पाळ्या शक्य असतील तर 20-22, 40-42 आणि 60-65 दिवसांनी. दोन असतील तर पहिली आणि शेवटची. एकच असेल तर 40-42 दिवसांनी, कारण तेव्हा कांडी धरते आणि आत ओंबी घडत असते.

प्रश्न : पाभर खोल गेली, बी दहा सेंटीमीटरवर पडले. उगवण विरळ आणि फिकट का झाली?

कोंबाभोवती एक नळीसारखे आवरण असते. ते माती भेदते आणि त्यातून पहिले पान सुखरूप वर येते. आजचे बहुतेक बुटके वाण जपानच्या नोरिन-10 या गव्हाच्या वंशातले. त्यांचे खोड आखूड, तसे हे आवरणही आखूड. बी खोल पडले की आवरण मध्येच संपते आणि कोवळे पान मातीतच दुमडते. पाच-सहा सेंटीमीटर खोली पुरे.

प्रश्न : पीक पोटरीत आहे, म्हणजे ओंबी अजून वरच्या पानाच्या खोळीत आहे, आणि खालची पाने पिवळी पडताहेत. काय फवारू?

फक्त अगदी खालची पाने पिवळी पडत असतील तर काही नको. ती सावलीत गेली आहेत आणि त्यांतले नत्र रोप वर ओढून घेते. जपायचे ते सर्वांत वरचे पान. दाणा भरायला लागणारे बरेचसे अन्न ते पान, त्याची खोळ आणि खुद्द हिरवी ओंबी तयार करते. कुसळेही त्यात हातभार लावतात. रोज सकाळी वरच्या दोन पानांवरून बोट फिरवा. बोटाला नारिंगी किंवा तपकिरी भुकटी लागली तर तो तांबेरा आहे. मग मात्र त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवा.