आजीचा अंगठा नको, तिचा आवाज घे

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. तुळशीच्या लग्नानंतर तिचा मुहूर्त आहे, देवळाच्या सभागृहात, चारशेच्या आसपास माणसं. ती लिहिते:

"चुलत बहिणीच्या लग्नात दाराशी सुंदर गेस्टबुक ठेवलं होतं. पानोपानी 'हार्दिक शुभेच्छा' आणि 'नांदा सौख्यभरे'. पहिल्याच पावसात त्याला बुरशी आली, नंतर कुणी उघडलंच नाही. मला त्याऐवजी झाडाचं चित्र ठेवायचंय, पाहुण्यांनी पानांच्या जागी अंगठ्याचे ठसे उमटवायचे. होणाऱ्या नवऱ्याला जुन्या फोनसारखं यंत्र भाड्यानं आणायचंय, रिसीव्हर उचलायचा आणि निरोप बोलायचा. मैत्रीण म्हणते, अझुलेजोच्या, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगीत चकचकीत फरशीवर सह्या घे. आई म्हणते, नसते चोचले. आजीला झाडाचं सांगितलं तर ती काही न बोलता उठून आत गेली. ती ८२ वर्षांची आहे, तिला लिहिता येत नाही. काय निवडू?"

बाय, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आजीबद्दलचं आहे, आणि ते तू जाता जाता लिहिलं आहेस.

गोवा १९६१ साली मुक्त झाला. १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तोवर तुझ्या आजीच्या वयाच्या कितीतरी मुलींचं शिकायचं वय उलटून गेलं होतं. पुढे जन्मभर बँकेत, मामलेदार कचेरीत, घराच्या कागदांवर त्यांनी अंगठा दिला. कारकुनानं हात धरून शाईच्या पॅडवर दाबायचा, मागं रांग उभी. झाड तुला गोड वाटतं, ते आहेही. पण चारशे लोकांसमोर पुन्हा अंगठा पुढं करायचा, हे तिला नको असणार. तिनं तसं बोलून दाखवलं नाही, तरी मला यात शंका नाही. झाड रद्द कर. तिला तेवढंच सांग, कारण विचारत बसू नकोस.

आता बाकीचं. कोण आलं होतं याची नोंद ठेवायला नवं काही लागतच नाही. मांडवात एखादे काका अहेराची वही घेऊन बसतात, नाव, गाव, रक्कम लिहितात. अहेर घेणार नसाल तर आमंत्रणांची यादी आहेच. म्हणजे सह्यांचं काम भागलं. तुला हवं आहे ते दुसरंच. ही माणसं एरवी बोलणार नाहीत ते तुला त्यांच्याकडून ऐकायचं आहे. म्हणून नवऱ्याची कल्पना मला सगळ्यांत जवळची वाटते. फक्त जागा आणि वेळ चुकते आहे.

सभागृहातली दुपार डोळ्यांसमोर आण. सनई, ढोल-ताशा, माइकवरून मंगलाष्टका. अक्षता पडल्या की स्टेजसमोर रांग, फोटो, जेवण, आणि लोक गाडीकडे. त्या गोंगाटात रिसीव्हर कानाला लावून कुणाला काय सुचणार? जे बोलतील ते गेस्टबुकात लिहिलेलंच बोलतील. म्हातारी माणसं तर यंत्राकडे फिरकणारही नाहीत.

तुझ्या हातात चवथ आहे, म्हणजे गणेश चतुर्थी. लग्नाच्या आधीच येते, आणि सगळं गोत मूळ घरी जमतं तेही तेव्हाच. मुंबईचे काका येतात, डिचोलीची आत्या येते, गणपतीच्या वर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीसमोर सगळी एकत्र बसतात. दुपारची जेवणं झाली की राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, किंवा आतल्या खोलीत एकेकाला घेऊन बस. पंखा बंद कर, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेव, एवढ्यानं आवाज स्पष्ट येतो. नवऱ्यानं त्याच्या घरच्या चवथीला हेच करावं.

'मला आशीर्वाद द्या' असं म्हणू नकोस, पुन्हा 'सुखी राहा' एवढंच मिळेल. नेमकं विचार. लग्न होऊन या घरात आलीस त्या दिवशी पहिल्यांदा काय रांधलंस? सासूशी पहिलं भांडण कशावरून झालं? आजोबांचं काय आवडायचं नाही? हळदीला म्हणायच्या ओव्या आजीला येत असतील तर त्या आधी घे. आणि प्रश्न तुझ्या आईला विचारू दे. कुणाला काय विचारायचं हे तिला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि एकदा अशी बसली की चोचल्यांची तक्रारही राहणार नाही.

यंत्र आणायचंच असेल तर संध्याकाळच्या रिसेप्शनला, संगीतापासून लांब, मित्रमंडळींसाठी आणा. त्यांना मजा येईल. नाही आणलं तरी काही बिघडत नाही.

फरशीबद्दल एक सावधगिरी. अझुलेजो हातानं रंगवून भट्टीत भाजतात, म्हणून ते पणजीच्या फोंतेन्यासमधल्या भिंतींवर उन्हापावसात टिकतात. बाजारातल्या मार्करनं चकचकीत फरशीवर केलेल्या सह्या न भाजता घासल्या की निघतात. झटपट फोटोंचा कॅमेराही कुणीतरी सुचवेल. त्याच्या एका पॅकेटात आठ-दहाच फोटो निघतात, चारशे माणसांचा हिशेब तूच कर.

मांडवात काही लिहायला हवंच असेल तर बांधलेली वही नको, सुटी जाड कार्डं ठेव, आणि दाराशी नको, जेवून हात धुवून लोक बाहेर येतात तिथं. प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न छाप, 'आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला याल तेव्हा काय करू?' असा काहीतरी. जेलपेन नको, ओल लागली की पुष्कळदा शाई फुटते. बॉलपेन किंवा साधी पेन्सिल दे. घरी आणल्यावर कार्डं पंख्याखाली नीट सुकव, मगच डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव. आपल्याकडच्या पावसात कपाटातला कागद तसाच सोडून चालत नाही, हे तू पाहिलंच आहेस.

रेकॉर्डिंग रिसेप्शनच्या पडद्यावर लावायचा मोह होईल. ज्याचा आवाज आहे त्याला आधी विचार, आजीला तर नक्की. फाइलीच्या नावात माणसाचं नाव, गाव आणि तारीख घाल. एक प्रत तुझ्याकडे, एक नवऱ्याकडे, एक आईच्या पेनड्राइव्हवर, आणि हे त्याच रात्री कर.