लेवीयात अडकलात ना? मग आधी 27 वा अध्याय वाचा

सलाम ताई,

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मंडळीसमोर उभं राहून तुम्ही तीन नवस बोललात. पहाटे पाचला उठून बायबलचे रोज चार अध्याय, दर शुक्रवारी उपास आणि चर्चला पगाराचा दशांश, म्हणजे दहावा भाग. मार्च लागेपर्यंत तिन्ही मोडले, वाचन लेवीय या बायबलच्या तिसऱ्या पुस्तकात थांबलं, आणि आता प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारस घ्यायला, पुढं जायची लाज वाटते. त्यात तुम्ही नर्स. नाइट ड्युटीवरून सकाळी आठला घरी येणाऱ्या बाईनं पहाटे पाचला उठायचा नवस करावा, हे जरा उत्साहातच झालं म्हणायचं!

लेवीयाचं एवढं मनावर घेऊ नका. रोज चार अध्यायांनी उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं जानेवारीच्या तेवीस तारखेला संपतात, आणि मग होमार्पणं, चरबी, अंगावरचे चट्टे, भिंतीवरचे चट्टे सुरू होतात. आमच्याकडचे निम्मे नवस त्याच बांधाला ठेचकाळतात. पण त्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय नवसाचाच आहे, आणि तिथवर कुणी पोचत नाही. मीही पोचलो नव्हतो.

माझी जालन्याकडची मोसंबीची बाग. मुलगी दवाखान्यात होती तेव्हा बोललो होतो की बरी झाली तर बागेच्या उत्पन्नाचा दशांश दर वर्षी देईन. ती बरी झाली, आणि काही वर्षं मी दिलाही. मग 2012 चा दुष्काळ आला. विहिरीनं तळ दाखवला. झाडं जगवायला टँकर विकत घेतले, त्या पैशांत दशांशाचेही गेले, आणि झाडं वाळायची ती वाळलीच. मी चर्चला उशिरा जायला लागलो. दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसायचं आणि आशीर्वचन व्हायच्या आत सटकायचं. पाळकसाहेब समोरून दिसले की गल्ली बदलायची. असे सहा-सात महिने गेले.

शेवटी एका संध्याकाळी तेच घरी आले. चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग माझंच बायबल मागून घेतलं आणि लेवीय 27 काढला. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचा नवस असेल तर 50 शेकेल (त्या काळचं वजन) रुपं, म्हणजे चांदी, बाईचा असेल तर 30. आणि आठव्या ओवीवर बोट ठेवलं: नवस करणाऱ्याची तेवढी ऐपत नसेल तर त्याला याजकापुढं उभं करावं, आणि याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणं मोल ठरवावं.

मी म्हणालो, म्हणजे सूट मिळते की! ते म्हणाले, पुढची दहावी ओवी वाच. कबूल केलेलं जनावर बदलायचं नाही, चांगल्याच्या जागी वाईट तर नाहीच, वाईटाच्या जागी चांगलंही नाही. आणि सूट कोण देतो ते बघ. नवस करणारा स्वतःला देत नाही.

माझं नेमकं तिथंच चुकलं होतं. ऐपत संपली यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण मी एकट्यानंच मनात हिशोब बदलला, कुणाला न सांगता, आणि मग तोंड लपवत फिरलो.

"सध्या तुझ्याकडं आहे काय?" त्यांनी विचारलं. वाळलेली झाडं तोडून त्यांचा ढीग अंगणात पडला होता, तो दाखवला. त्या वर्षी कापणीच्या सणाला लोकांनी जोंधळा, भोपळे, कोंबड्या आणल्या. मी बैलगाडीभर मोसंबीचं सरपण नेलं. लिलावाला पुकारलं तेव्हा मंडळी हसली, मलाही हसू आलं. एका म्हातारीनं घेतलं. त्या रविवारी आशीर्वचनापर्यंत थांबलो.

तर ताई, राहिलेले अध्याय एकदम भरून काढायच्या फंदात पडू नका. मीही एकदा एका शनिवारी अठ्ठावीस अध्याय वाचले होते, त्यातलं एक अक्षर आठवत नाही. नवे, मोठे नवसही लगेच नकोत. नवस केलाच नाही तर त्यात पाप नाही, असं बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. उपासाचं मात्र ड्युटीचा तक्ता समोर ठेवूनच ठरवा. रात्रभर उभं राहून वर उपाशी राहिलात तर पेशंटच्या सलाइनवर लक्ष कसं राहील?

दशांशाचं मी ठरवून देणार नाही, तुमच्या घरचा खर्च मला माहीत नाही. या रविवारी उपासनेनंतर पाळकांना किंवा त्यांच्या मॅडमना बाजूला घ्या, ड्युटीचा तक्ता आणि पगाराची स्लिप दोन्ही बरोबर न्या, आणि तिन्ही नवस होते तसे सांगा. चपलांच्या बाजूला बसू नका, तिथं वारंही येत नाही.